दोन कर्जत आणि आठ कोरडे महिने

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. शाळेच्या ग्रंथालयासाठी मागविलेले पुस्तकांचे एक पार्सल ठरलेल्या दिवशी आले नाही. चौकशीअंती समजले की पत्ता कळविताना जिल्ह्याचे नाव लिहावयाचे आमच्याकडूनच राहून गेले होते, आणि पुस्तके तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील कर्जतला जाऊन पोहोचली होती. वर्गात ही हकीकत सांगितली तेव्हा मुले मनमुराद हसली. परंतु एका ठाकूरवाडीतून आलेला आठवीतील एक मुलगा हसला नाही. त्याने विचारले, "सर, त्या कर्जतला पण आपल्यासारखंच रान आहे का?"

आमचा विषय इतिहास. 'नाही' एवढे उत्तर आम्ही दिले. पण 'का नाही?' या पुढच्या प्रश्नाला समाधानकारक उत्तर त्या दिवशी आमच्यापाशी नव्हते. ते शोधण्यासाठी आम्ही भूगोलाची पुस्तके उघडली, विज्ञानाच्या सहकाऱ्यांना विचारले, आणि मुख्य म्हणजे मुलांनाच विचारले. कारण रानाविषयीचे त्यांचे ज्ञान आमच्याहून कितीतरी अधिक होते. त्यातून जो पाठ तयार झाला, तो आम्ही पुढे दरवर्षी घेत आलो. अनेक माजी विद्यार्थी भेटले की अजूनही त्याची आठवण काढतात. स्मरणिकेच्या निमित्ताने तोच पाठ, थोडा विस्ताराने, येथे मांडीत आहोत.

एक नाव, दोन जगे

नकाशा समोर घ्या. आपले कर्जत आणि अहिल्यानगरचे कर्जत यांत सरळ रेषेने मोजल्यास पावणेदोनशे ते एकशे ऐंशी किलोमीटरचे अंतर आहे. दोन्ही जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. सूर्य दोघांवर सारखाच तळपतो, मोसमी वारे दोघांकडे एकाच ऋतूत येतात. तरीही आपल्या कर्जतला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर त्या कर्जतला सुमारे पाचशे मिलिमीटर. म्हणजे सहापटीचा फरक.

हा फरक प्रथम रानात दिसतो. आपल्याकडे साग, ऐन, किंजळ, कुडा, हिरडा; तिकडे बाभूळ, हिवर, बोर आणि मैलोगणती गवताळ माळ. आपल्या कर्जतचा पूर्वेकडील डोंगर चढून गेले की भीमाशंकरचे अभयारण्य लागते. ते १९८५ साली घोषित झाले, आणि आपल्या राज्याचा मानाचा प्राणी असलेला शेकरू तेथे राहतो. तिकडच्या कर्जत तालुक्यात रेहेकुरीचे अभयारण्य आहे. ते १९८० साली घोषित झाले, काळविटांसाठी. म्हणजे एका कर्जतच्या माथ्यावर शेकरू आणि दुसऱ्या कर्जतच्या माळावर काळवीट.

आता मनातल्या मनात या दोघांची अदलाबदल करून पाहा. शेकरू झाडावरून झाडावर उड्या मारीत फिरतो, उंच फांद्यांत घरटी बांधतो, जमिनीवर क्वचितच उतरतो. त्याला एकमेकांना भिडलेल्या फांद्यांचे छत हवे आणि बाराही महिने कोठे ना कोठे फळ, फूल, साल किंवा बी हवे. बाभळीच्या विरळ रानात तो काही दिवसही तगणार नाही. उलट काळविटाचे संरक्षण त्याच्या नजरेत आणि पायांत आहे. दुरून शत्रू दिसावा आणि मोकळ्यावर वाऱ्यासारखे धावता यावे, ही त्याची गरज. दाट जंगलात ना त्याला दूरचे दिसेल, ना धावता येईल. दोघांपैकी कोणी श्रेष्ठ नाही, कोणी हीन नाही. जो तो आपापल्या हवामानाने घडविलेल्या घरात राहतो.

पिकांचे तेच. आपल्याकडे भात, आणि डोंगरउतारावर नाचणी व वरी. तिकडे ज्वारी, बाजरी, मटकी, हुलगा. घरांचेही तेच. आपल्याकडे पाणी झटकन निथळून जावे म्हणून उताराची कौले. तिकडे जुन्या वस्तीत मातीच्या धाब्याची सपाट घरे. असे सपाट धाबे आपल्या आषाढात एक आठवडाही टिकणार नाही.

मध्ये उभी असलेली भिंत

या साऱ्याचे कारण आपण रोज खिडकीतून पाहतो. ते कारण म्हणजे सह्याद्री. अरबी समुद्रावरून बाष्पाने भरलेले वारे जूनमध्ये येतात. कोकणची सपाटी ओलांडताच त्यांच्यासमोर ही भिंत उभी राहते. वाऱ्याला वर चढावे लागते. वर हवा विरळ आणि थंड; थंड हवेला पूर्वीइतके बाष्प धरून ठेवता येत नाही; म्हणून ती ते पावसाच्या रूपाने टाकून देते. माथेरान, खंडाळा, लोणावळा येथे साडेचार-पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो तो यामुळे. घाटमाथा ओलांडला की तोच वारा खाली उतरतो, उतरताना तापतो आणि कोरडा होत जातो. पुण्याला जेमतेम सातशे मिलिमीटर, आणि आणखी पूर्वेला गेले की पाचशे. यालाच भूगोलाच्या पुस्तकात पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात.

येथे मुलांना दोन शब्दांतील भेद आम्ही नेहमी सांगतो. हवा रोज बदलते. हवामान म्हणजे एखाद्या ठिकाणच्या हवेची अनेक वर्षांची सवय. झाड एका दिवसाच्या पावसावर उगवत नाही किंवा मरत नाही. ते या दीर्घ सवयीवर विसंबून राहते. म्हणूनच जर्मन कुळातील शास्त्रज्ञ व्लादिमिर क्योपेन यांनी जगाच्या हवामानाचे वर्गीकरण करताना वनस्पतींच्या सीमा प्रमाण मानल्या. एखाद्या प्रदेशात कोणती झाडे आपण होऊन उगवतात हे नीट पाहिले, तर तेथील हवामान जवळजवळ वाचता येते.

नेरळहून माथेरानला चढताना

हे वाचन शिकण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. नेरळ ते माथेरान ही छोटी रेल्वे १९०७ साली सुरू झाली. तिच्या मार्गाच्या कडेने, किंवा पायवाटेने, चढत गेले तर झाडांची जणू पूर्ण हजेरी घेता येते.

पायथ्याशी साग, ऐन, खैर, पळस, काटेसावर आणि पांगारा. ही पानझडी झाडे. फेब्रुवारी-मार्चमध्ये बहुतेक उघडी पडतात. मध्यावर उतारांवर कारवी दाटीने उभी असते. सात-आठ वर्षांनी एकदाच ती फुलते, बी टाकते आणि मरते. तिच्या काठ्यांच्या कुडाला माती लिंपून आपल्या अनेक विद्यार्थ्यांच्या घरांच्या भिंती उभ्या राहिल्या आहेत. आणि माथ्यावर, सुमारे आठशे मीटर उंचीवर, एकाएकी सावली दाट होते. तेथे जांभूळ, अंजनी, पिसा, हिरडा. यांतील बहुतेक झाडे ऐन एप्रिलमध्येही हिरवीच राहतात.

हजार मीटर चढले की तापमान साधारणपणे सहा अंशांनी उतरते. म्हणजे पायथा आणि माथेरान यांच्या तापमानात चार-साडेचार अंशांचा फरक पडतो. जर्मन संशोधक अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट यांनी १८०२ मध्ये दक्षिण अमेरिकेतील चिंबोराझो हा पर्वत चढताना नेमके हेच पाहिले. पायथ्याशी उष्ण प्रदेशातील रान, मग थंड प्रदेशातील झाडे, मग गवत, आणि शेवटी बर्फ. डोंगर चढणे हे विषुववृत्ताकडून ध्रुवाकडे जाण्यासारखे आहे, हा विचार त्यांनी पुढे १८०७ च्या ग्रंथात चित्रासह मांडला. आपल्या वाडीतील आजीने हुम्बोल्टचे नाव ऐकलेले नसते. पण 'हिरडा हवा तर वर जा, खैर हवा तर खाली बघ' हे तिला ठाऊक असते. दोघांचे ज्ञान एकाच गोष्टीविषयी आहे.

पाऊस किती, यापेक्षा कोरडे महिने किती?

येथवर मुलांना पाठ सोपा वाटतो. जास्त पाऊस म्हणजे दाट रान, कमी पाऊस म्हणजे विरळ रान. मग आम्ही एक प्रश्न फळ्यावर लिहितो: आपल्याकडे जर एवढा प्रचंड पाऊस पडतो, तर पायथ्याचे आपले रान उन्हाळ्यात उघडे का पडते? केरळच्या सह्याद्रीत बारमाही हिरवी जंगले पायथ्यापासून माथ्यापर्यंत पसरलेली आहेत. तेथील कितीतरी ठिकाणी माथेरानपेक्षा पाऊस कमी आहे. मग फरक कशाचा?

फरक पावसाच्या बेरजेचा नाही, त्याच्या वाटणीचा आहे. केरळच्या दक्षिणेकडे एप्रिल-मेमध्ये वळवाचा पाऊस चांगला होतो, मग मोसमी पाऊस, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परतीचा पाऊसही भरपूर. कोरडे महिने तेथे दोन ते चार. जसजसे सह्याद्रीच्या कडेने उत्तरेकडे यावे तसतसे कोरडे महिने वाढत जातात. आपल्याकडे जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस येतो आणि ऑक्टोबरच्या आरंभी जातो. उरतात सात-आठ महिने. तीन हजार मिलिमीटर पाणी चार महिन्यांत कोसळते आणि तीव्र उतारावरून काही तासांत उल्हास आणि पाताळगंगा यांच्या वाटेने समुद्राला मिळते. झाडाला मात्र पाणी बाराही महिने हवे असते.

म्हणून दक्षिणेकडून उत्तरेकडे येताना सदाहरित वृक्षांच्या कितीतरी जाती एकामागून एक मागे राहतात. पावसाची बेरीज त्यांना पुरेशी असते. कोरड्या महिन्यांची लांबी त्यांना झेपत नाही. आपल्या भागात सदाहरित झाडे तगून आहेत ती अशाच जागी, जेथे कोरडेपणाची धार कमी होते. एक, माथेरान-भीमाशंकरसारखे थंड, धुक्याचे माथे, जेथे जमिनीतील ओल लवकर उडून जात नाही. दोन, ओढ्याकाठ, जेथे उंबर आणि करंज यांच्या मुळांना खालून पाणी मिळते. तीन, पिढ्यान्‌पिढ्या कुऱ्हाड न लागलेल्या देवराया, जेथे पाचोळ्याचा जाड थर पाणी धरून ठेवतो.

आमच्या पाठाचे सार एका वाक्यात सांगावयाचे तर ते हे: आपल्या भागात कोण जगेल हे पाऊस किती पडतो यावरून ठरत नाही, पाऊस नसलेले आठ महिने कोण काढू शकतो यावरून ठरते.

आठ महिने काढण्याच्या रीती

हे सूत्र हाती आले की रानातील अनेक गोष्टी उलगडू लागतात. सागाचे पान मोठे. त्यातून पाणी भराभर उडून जाते. म्हणून साग ते टाकून देतो. पानगळ हे त्याच्या काटकसरीचे लक्षण आहे. पळस, पांगारा आणि काटेसावर याच दिवसांत, उघड्या फांद्यांवर, फुलतात. पाने नसल्यामुळे फुले पक्ष्यांना दुरून दिसतात.

काही वनस्पती जमिनीखाली जातात. शेवळ, फोडशी, रानहळद, मुसळी यांचे कंद अथवा मुळे आठ महिने मातीत निजून राहतात आणि पहिल्या सरीबरोबर वर येतात. जूनमध्ये कर्जतच्या बाजारात आदिवासी भगिनी शेवळाच्या जुड्या घेऊन बसतात आणि सोबत काकडाची फळे देतात, कारण त्यांच्या आंबटपणाशिवाय शेवळाची खाज जात नाही. त्या दोन-तीन आठवड्यांनंतर शेवळ मागून मिळत नाही. ती भाजी कोठे उगवते याइतकेच ती केव्हा उगवते हेही हवामानानेच ठरविलेले आहे.

प्राण्यांनीही हेच वेळापत्रक स्वीकारले आहे. मेअखेरीस काजवे चमकू लागतात. नवरंग पक्षी पावसाच्या तोंडावर आपल्या रानात वीण घालण्यासाठी येतो आणि पावसाळा सरल्यावर दक्षिण भारत व श्रीलंकेकडे निघून जातो. चातक आफ्रिकेतून येतो. तिबोटी खंड्या ओढ्याच्या भिजून मऊ झालेल्या काठात बीळ कोरून अंडी घालतो. पहिल्या पुरात वलगणीचे मासे नदीतून ओढ्यात आणि ओढ्यातून खाचरात चढतात. साऱ्यांची पिल्ले चार ओल्या महिन्यांतच वाढली पाहिजेत.

माणसानेही या आठ महिन्यांचा हिशेब मांडलेला आहे. राजमाचीच्या पायथ्याशी, आपल्याच तालुक्यात, कोंढाण्याची बौद्ध लेणी आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. पावसाळ्यात लेण्यांपुढे धबधबा कोसळतो आणि उन्हाळ्यात तोच कातळ तापून निघतो. भिक्खूसंघाने पावसाचे तीन महिने एका जागी राहण्याचा वर्षावासाचा नियम स्वीकारला. त्यामागील एक कारण विनयग्रंथातच नोंदले आहे: पावसाळ्यात हिंडताना कोवळे गवत आणि लहानसहान जीव पायाखाली चिरडले जातात, अशी लोकांची तक्रार होती. आणि कोरड्या महिन्यांसाठी सह्याद्रीतील लेणी खोदणाऱ्यांनी कातळातच पाण्याची टाकी खोदली. ब्राह्मी शिलालेखांत त्यांना 'पोढी' म्हटले आहे. कान्हेरीला अशी टाकी मोठ्या संख्येने पाहावयास मिळतात. दान देणाऱ्यांनी लेण्याबरोबर पोढीचेही दान दिल्याचे लेख आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहात छताला बसविलेल्या सागवानी कमानी आजही टिकून आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीही या डोंगरांच्या आसपास सागाचे लाकूड हाताशी होते, याची ती साक्ष. इतिहासाच्या शिक्षकाला भूगोलाच्या पाठात याहून मोठा आनंद कोणता मिळणार?

आजचे चित्र मात्र इतके सुखाचे नाही. कातकरी समाजाचे नावच कातावरून, म्हणजे खैराच्या झाडापासून काढल्या जाणाऱ्या पदार्थावरून, पडले असे मानले जाते. खैर कमी झाला, रानावरील हक्क आक्रसले, आणि कात काढणारी माणसे मजूर झाली. भातकापणी आटोपली की गावात काम नाही. दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. स्थलांतराचे त्यांचे वेळापत्रक आणि पानगळीचे वेळापत्रक शेजारी ठेवून पाहा. दोन्ही एकच आहेत. या आठ महिन्यांत आईबापांबरोबर मूल गेले की त्याची शाळा सुटली. आपली निवासी शाळा उभी राहिली ती याच आठ महिन्यांसाठी. माजी विद्यार्थ्यांपैकी कितीजण केवळ येथे राहिल्यामुळे परीक्षेला बसू शकले, हे त्यांना आमच्यापेक्षा अधिक ठाऊक आहे.

पाणी वळविता येते

येथे मुले हमखास विचारतात, "मग हवामानापुढे इलाजच नाही का?" झाडापुढे नाही. माणसापुढे आहे, आणि त्याचा पुरावाही आपल्याच दोन तालुक्यांत आहे.

लोणावळ्याच्या परिसरात घाटमाथ्यावर धरणे बांधून, एरवी पूर्वेला वाहून गेले असते ते पाणी पश्चिमेकडे वळविण्यात आले आणि नळांतून खोपोलीच्या वीजघरात सोडण्यात आले. हे १९१५ साली घडले. वीज निर्माण करून बाहेर पडणारे हे पाणी पाताळगंगेला मिळते; म्हणून ती उन्हाळ्यातही वाहती राहते. १९२२ साली भिवपुरीचे वीजघर सुरू झाले. तेथून सुटणाऱ्या पाण्यावर पेज नदी बारमाही झाली आणि राजनाल्याच्या आधारे कर्जत तालुक्यातील अनेक गावे उन्हाळी भात घेऊ लागली. एप्रिलमध्ये या खाचरांवरून बगळ्यांचे थवे उतरताना दिसतात. आणि तेथून काही कोसांवर, डोंगराच्या कडेला असलेल्या वाडीत, बाया हंडाभर पाण्यासाठी झऱ्यापाशी रात्र काढीत असतात. दोन्हीकडे पाऊस तोच, कोरडे महिने तितकेच. दुसऱ्या कर्जतमध्येही कुकडीच्या कालव्याने पाणी पोहोचले, आणि जेथे हवामान केवळ बाजरीला अनुकूल तेथे ऊस उभा राहिला. म्हणजे वाडीची तहान हा निसर्गाचा अटळ निर्णय नाही. पाणी कोठे न्यावयाचे आणि कोठे नाही, हे माणसे ठरवितात.

आपल्याच जिल्ह्यात, महाडला, २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्या तळ्यावर पशुपक्ष्यांना मज्जाव नव्हता. मज्जाव होता तो काही माणसांना. येथे एका शब्दाविषयी सावध राहावयास हवे. जीवशास्त्राच्या मराठी पुस्तकांत सजीवांच्या प्रकाराला 'जाती' म्हणतात. सागाची जात निराळी, ऐनाची निराळी. त्यांची पाने, फळे, बिया निराळी. सुत्तनिपातातील वासेट्ठसुत्तात हाच मुद्दा बुद्धांनी मांडला आहे. गवत, वृक्ष, कीटक, चतुष्पाद, मासे, पक्षी यांच्यात जातीनुसार वेगळी चिन्हे आढळतात, परंतु माणसामाणसांत तशी चिन्हे आढळत नाहीत, असा त्याचा आशय. विज्ञानही हेच सांगते. बर्फात, वाळवंटात आणि आपल्या आषाढात राहणारा माणूस एकाच जातीचा आहे. तो सर्वत्र जगू शकला तो अंगावरील केसांमुळे किंवा मुळांच्या खोलीमुळे नव्हे, तर ज्ञान एकमेकांना देण्याच्या सवयीमुळे. म्हणून शेकरूला माळ मिळत नाही हा निसर्गनियम असला, तरी वाडीला पाणी मिळत नाही हा निसर्गनियम नव्हे.

डोंगर जेथे संपतो

हवामान ही दीर्घ सवय असली तरी ती कायमची नसते. सुंदरलाल होरा या भारतीय प्राणिशास्त्रज्ञांना डोंगरी ओढ्यांतील माशांचा अभ्यास करताना एक कोडे पडले. पूर्व हिमालय व मलायाकडील माशांचे आप्त इतक्या दूर सह्याद्रीत कसे? १९४० च्या दशकात त्यांनी मत मांडले की प्राचीन हिमयुगांच्या काळात हवामान वेगळे होते, आणि सातपुड्याच्या ओल्या डोंगररांगेने हे जीव पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकत आले. पुढे मधला प्रदेश कोरडा झाला आणि ते येथे अडकले. या सिद्धान्तावर नंतर पुष्कळ वादविवाद झाले. पण हवामान बदलले की सजीवांचे प्रदेश सरकतात, हे तत्त्व आज सर्वमान्य आहे.

आज पृथ्वी तापत आहे, आणि जगभर अनेक सजीव ध्रुवांकडे किंवा डोंगराच्या वरच्या अंगाला सरकत असल्याचे आढळले आहे. पायथ्याच्या झाडाला वर सरकण्यास जागा आहे. परंतु माथेरानच्या माथ्यावरील अंजनीने कोठे जावे? आठशे मीटरवर डोंगर संपतो. चारही बाजूंना तापलेली सखल जमीन. त्यात रस्ते, खाणी, बंगल्यांचे भूखंड आणि दर फेब्रुवारीत पेटणारे वणवे. पूर्वीच्या बदलांना हजारो वर्षे मिळाली आणि वाटेत सलग रान होते. आताचा बदल काही दशकांचा आहे आणि वाट तुटलेली आहे. २००३ साली माथेरानला पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र घोषित करण्यात आले ते योग्यच झाले. पण माथा राखला आणि उतार गेला, तर माथा एखाद्या बेटासारखा एकटा पडेल.

पावसाची वाटणीही बदलत आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. थोड्या दिवसांत अधिक पाणी, आणि मधले दिवस कोरडे. खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ माणसे बेपत्ता राहिली. एखाद्या दरडीचे कारण एकच नसते, हे आम्ही जाणतो. परंतु कड्याखालची, उताराची जागा ज्यांच्या वाट्याला येते त्यांच्यावरच हवामानाचा पहिला घाव बसतो, हे त्या रात्रीनंतर निराळे सांगावयास नको.

एक वही, चार तारखा

पाठाच्या शेवटी आम्ही मुलांना एक काम देतो. तेच येथे माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना देत आहोत. एक साधी वही घ्यावी आणि दरवर्षी चार तारखा लिहाव्यात: आपल्या वाटेवरील काटेसावरीला पहिले फूल कधी आले, पहिला काजवा कधी दिसला, नवरंगाची पहिली शीळ कधी ऐकू आली, आणि बाजारात किंवा रानात पहिले शेवळ कधी मिळाले. सोबत जागेचे नाव लिहावे. एका वर्षाच्या तारखांनी काही सिद्ध होत नाही. दहा-वीस वर्षांच्या तारखा मात्र बोलू लागतात. इतिहासात आपल्या माणसांच्या नोंदी फारशा नाहीत, कारण त्या ठेवणाऱ्यांच्या हाती लेखणी उशिरा आली. आता ती आली आहे. तर आपल्या रानाची नोंद तरी आपणच ठेवावी.

दुसरे काम वहीपेक्षा मोठे आहे. आपल्या वाडीच्या ग्रामसभेत वणवा रोखण्याचा, झऱ्याभोवतीची झाडे राखण्याचा आणि उन्हाळ्यातील पाण्याचा विषय मांडावा. 'आमच्याकडे पाऊस भरपूर आहे' असे कोणी उत्तर दिले, तर पाऊस नसलेल्या आठ महिन्यांचा हिशेब मागावा.

त्या पार्सलचे पुढे काय झाले, हे सांगावयाचे राहिले. दोन आठवड्यांनी ते परत आले. वर बारीक अक्षरात कोणीतरी पेन्सिलीने लिहिले होते: 'हे कर्जत नव्हे.' प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलाने ते वाचले आणि मान डोलावली. पुढे तो कृषी पदविका घेऊन आपल्याच तालुक्यात परतला. गेल्या पावसाळ्यात भेटला तेव्हा वाडीच्या वरच्या अंगाला, झऱ्याभोवती, जांभूळ आणि उंबराची रोपे लावीत होता. आम्ही विचारले, "साग का नाही?" तो म्हणाला, "सर, उन्हाळ्यात पानं टिकवणारं झाड पाहिजे."